सांबराचे फाटे मोजताना

मी काय काम करते असं कुणी विचारलं, की मी "मॉडेल बनवते" एवढंच सांगते. समोरच्याला वाटतं, इमारतींची. पुंडलिकनगरात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंना तर बरेच दिवस वाटत होतं, की मी कपड्यांच्या दुकानात उभे असतात ते पुतळे बनवते. मी ते दुरुस्त केलं नाही. दुरुस्त करायला गेलं की बोलावं लागतं, आणि बोलणं मला कधीच सोपं गेलेलं नाही.

खरं काम असं आहे. चिकलठाण्याच्या एका शेडमध्ये आमचा छोटा कारखाना आहे. तिथे आम्ही जनावरांच्या शिंगांच्या, कवट्यांच्या, खुरांच्या हुबेहूब नकला फायबरमध्ये ओततो. त्या संग्रहालयांत जातात, शाळांत जातात, जंगलाच्या माहिती केंद्रांत जातात. खरं शिंग भिंतीवर लावायला आज कायद्याने बंदी आहे आणि ती असायलाच हवी. पण मुलांना हात लावून बघायला काहीतरी लागतं. ते काहीतरी आम्ही करतो.

माझ्या वाट्याला हरणांची शिंगं आली. कारखाना चालवणारे आमचे सर म्हणाले, "तू कमी बोलतेस आणि नीट बघतेस. शिंगं तू घे."

शिंगांचं काम म्हटलं की पहिला प्रश्न फाट्यांचा येतो. गाईचं शिंग आतून पोकळ असतं आणि जन्मभर टिकतं. हरणांचं तसं नसतं. सांबर, चितळ यांचं शिंग म्हणजे भरीव हाड. ते दरवर्षी गळून पडतं आणि पुन्हा नवं येतं. मूळ दांड्याला जे उपदांडे फुटतात त्यांना आम्ही फाटे म्हणतो. बहुतेकांना वाटतं, जितके फाटे तितकी जनावराची वर्षं. तसं काही नसतं. सांबराला आणि चितळाला साधारणपणे एका बाजूला तीन फाटे असतात, एक भुवईच्या वर आणि दोन शेंड्याला. दोन्ही बाजू मिळून सहा. म्हातारं झालं तरी सहाच.

मग शिकारी मोजायचे काय? तर नेमकं हेच, सहाच्या वर काही आहे का. आणि इथे खरी गंमत सुरू होते, कारण मोजण्याची रीत सगळीकडे एक नाही. काही देशांत दोन्ही बाजूंचे फाटे एकत्र मोजतात. काही ठिकाणी एकाच बाजूचे सांगतात. काही ठिकाणी ज्या बाजूला जास्त असतील तिची दुप्पट करतात, म्हणजे चार आणि तीन असतील तर आठ म्हणतात आणि पुढे "विषम" असा शब्द जोडतात. फाटा कशाला म्हणायचं यावरही वाद आहेत. कुणी म्हणतं, बोटाच्या एका पेरापेक्षा लहान असेल तर तो उंचवटा, फाटा नाही. आणि कुणी म्हणतं, ज्यावर अंगठी अडकून राहील तो फाटा, मग तो केवढाही असो.

हे सगळं मी इंग्रजी पुस्तकांतून वाचलं होतं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मनातल्या मनात मोजते तेही इंग्रजीतच. मराठवाड्यात कुणी असं अंगठीने मोजत असेल हे मात्र माझ्या स्वप्नातही नव्हतं.

त्याआधी सिल्लोडच्या चाचांबद्दल सांगते. सिल्लोडजवळ हमरस्त्यावर त्यांचं बिर्याणीचं हॉटेल आहे. गल्ल्याच्या मागे लावायला त्यांना चितळाची फायबरची शिंगं हवी होती. मी नमुना घेऊन गेले. त्यांनी तो फिरवून फिरवून बघितला आणि त्यांचा चेहरा पडला.

"बेटा, इत्ते से में क्या रौब पड़ता? छेच तो हैं. बारा कर देव."

"चितळाला सहाच असतात," मी म्हटलं.

"तो अपन इसको बारासिंगा बोल देंगे. कौन पूछने आता?"

आमच्या कारखान्याचा एक नियम आहे. जनावराला जेवढे फाटे होते तेवढेच ओतायचे. एक जास्त नाही, एक कमी नाही. सरांनी तो नियम कुठे लिहून ठेवलेला नाही, पण त्यावरून त्यांनी दोन मोठी कामं सोडलेली मला माहीत आहेत. हे सगळं चाचांना समजावून सांगावं एवढं बोलणं माझ्यात नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "एखादं लहान मूल मोजेल."

चाचांनी नमुना खाली ठेवला. मग गल्ल्यावरच्या पोऱ्याला म्हणाले, "चाय ला रे मॅडम को. ये दो लफ्ज बोलती, पर वजनदार बोलती." सहा फाट्यांची शिंगं त्यांनी घेतली. पुढे एकदा फोन करून त्यांनी सांगितलं, की बिर्याणी येईपर्यंत पोरं खरंच मोजत बसतात, आणि आता ते स्वतःच गिऱ्हाइकांना सांगतात, "गिन लो, छेच मिलेंगे. असली की हूबहू नकल है."

त्या दिवशी मला वाटलं होतं, नियम पाळणं सोपं असतं. देवगाव रंगारीला गेल्यावर कळलं की ते माणसावर अवलंबून आहे.

देवगावचं काम वनखात्याच्या परवानगीने आलं होतं. तिथल्या एका शेतकरी घरात सांबराची शिंगं होती, कवटीच्या तुकड्यासकट, फार जुनी. कागद काहीच नव्हता. घरातला मुलगा शहरात नोकरीला. कायदा कळल्यावर त्याने स्वतः जाऊन कळवलं. पंचनामा झाला, शिंगं सरकारजमा होणार हे ठरलं. त्याच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, एकच अट घातली. नेण्याआधी तशीच दुसरी करून द्या. मी साच्याचं सामान घेऊन बसने निघाले, वेरूळ मागे टाकलं आणि दुपारच्या आत त्यांच्या ओसरीवर पोहोचले.

शिंगं दारावरून खाली उतरवून सतरंजीवर ठेवलेली होती. जिथे ती इतकी वर्षं होती तिथे भिंतीवर त्यांच्याच आकाराचा फिकट डाग उरला होता. नाना शेजारी बसले होते. डोळ्यांनी त्यांना फारसं दिसत नव्हतं. एक हात शिंगावर, जसा बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा.

"आली का पोरगी," ते म्हणाले. "मोज बरं आधी. काम मागून."

मी हात लावून मोजायला लागले. सवयीने पुटपुटत होते ते त्यांना ऐकू गेलं.

"इंग्रजीत मोजती का? मराठीत मोज. इंग्रजीत एखांदा कमी भरतो."

मी मराठीत मोजलं. उजव्या शिंगाला चार, डाव्याला तीन. "सात, नाना."

ओसरीच्या कडेला त्यांची सून सुनंदाताई गहू निवडत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला.  मग नानांनी स्वतः बोटांनी चाचपून मोजलं, सावकाश, प्रत्येक टोकाला थांबून.

"मला बी सातच यायलेत," ते म्हणाले. "पण हायेत आठ."

मग त्यांनी मला हकीकत सांगितली. त्यांचे वडील शिकारी नव्हते, हाकारे होते. निजामाच्या अमलात अजिंठ्याच्या डोंगरात जहागीरदारांची शिकार निघायची तेव्हा गावोगावची माणसं डबे बडवत जनावर उठवायला जायची, त्यांतले एक. अशाच एका शिकारीत हे सांबर पडलं. शिकारीला आलेल्या साहेबांनी बोटाचं पेर लावून फाटे मोजले. एक फाटा पेरात बसेना, तो त्यांनी धरला नाही. म्हणाले सात. सात म्हणजे बेजोड. जोडी जमत नाही असलं शिंग दिवाणखान्यात कोण लावणार? त्यांनी ते हाकाऱ्यांकडे टाकलं.

"बाप घरी घेऊन आला. आईच्या बोटातली चांदीची अंगठी काढली अन् एकेका फाट्याला अडकवून दावली. आठव्याला बी अडकली. बाप म्हणायचा, अडकली म्हंजे फाटा. साह्यबाच्या पेरात नसंल बसत, आपल्या अंगठीत बसतो."

ही गोष्ट नाना जन्मभर सांगत आलेले. गावात त्यांना पारावर कुणी ना कुणी विचारायचंच, "काय नाना, सात का आठ?" आणि नाना म्हणायचे, "साह्यबाला सात, आपल्याला आठ." पण शिंगं होती दारावर, उंच. वर चढून कधी कुणी मोजलं नव्हतं. खुद्द नानांनीही नाही. गरजच काय?

मी त्यांना धीर द्यायला म्हणून सांगितलं, की काही देशांत जास्तीची बाजू दुप्पट करतात. त्या हिशेबाने ही आठच होतात.

"त्यायचं त्यायच्यापाशी," नाना म्हणाले. "माझ्या बापानं अंगठी अडकवली होती. दुप्पट नव्हती केली."

मी कामाला लागले. साचा घ्यायचा म्हणजे आधी मऊ ब्रशने धूळ काढायची, मग रबर चिकटू नये म्हणून मेणाचा पातळ हात द्यायचा, मग पातळ रबराचे थर एकावर एक चढवायचे, आणि तो थर वाळला की त्याच्यावर प्लास्टरचं कवच. यात वाट बघणंच जास्त असतं. सुनंदाताई पाणी द्यायच्या निमित्ताने जवळ आल्या आणि हळू आवाजात बोलल्या.

"ताई, एक ऐकता का? नाना आताशा विसरायलेत. डॉक्टरांनी सांगितलंय, अजून वाढंल म्हणून. कधी माझं नाव विसरतात, कधी जेवलेलं विसरतात. तेवढ्यावर त्यांचं काही नव्हतं. पण शिंगं खाली काढल्यापासून रोज मोजतात अन् रोज सात येतात. काल मला म्हणले, सुनंदे, बापाची गोष्ट बी माझ्या डोक्यानं केली का काय?"

मी वाळत आलेल्या थराला बोट लावून बघितलं.

"तुम्ही आठ करून द्या. कारखान्यात काय, एक चिकटवलं की झालं. डोळ्यांनी दिसत नाय त्यांना. हाताला आठ लागले म्हंजे झालं."

निघताना नानांनी मला जवळ बोलावलं. "पोरी, खोटा लावू नको हां," ते म्हणाले. त्यांना ऐकू गेलं होतं का, मला माहीत नाही. "पण नीट बघ. तुझे डोळे तरणे हायेत."

कारखान्यात परत आल्यावर मी सरांना सगळं सांगितलं. नियम त्यांचा होता, त्यामुळे उत्तरही तेच देतील असं मी धरून चालले होते. सर थोडा वेळ हात पुसत राहिले आणि म्हणाले, "ओसरीवर तू बसली होतीस. तू ठरव."

हे मला मुळीच आवडलं नाही. दुसऱ्याचा नियम पाळताना गप्प राहता येतं. स्वतः ठरवायचं म्हणजे उत्तर द्यावं लागतं. चाचांना फाटे हवे होते रुबाबासाठी. त्यांना नाही म्हणणं म्हणजे एका चहाचं काम. इथे एक म्हातारा माणूस आपलं डोकं आपल्याला सोडून चाललंय का, हे सात आणि आठमधून तपासत होता. बोटाएवढं फायबर लावून त्याला झोप लागणार असेल तर कुठल्या मुलाने मोजून माझं काय बिघडणार होतं? पण तो म्हणाला होता, खोटा लावू नको.

मी शेवटी काय केलं ते सांगते. मी मातीचा एक छोटा फाटा बनवला. ठरवलं काहीच नव्हतं, फक्त बनवला. मग साच्यातून पहिलं ओतकाम काढलं. पहिलं आम्ही नेहमी पांढऱ्या प्लास्टरचं काढतो, साचा नीट उतरलाय का ते बघायला. तो मातीचा फाटा मी त्या पांढऱ्या शिंगावर इथे लावून बघितला, तिथे लावून बघितला. कुठेही लावला तरी बरा दिसत होता. हीच अडचण होती. खऱ्या फाट्याला एकच जागा असते.

ती जागा शोधत मी शिंग खालपासून वर बघत गेले. सांबराच्या शिंगाचा बुंधा खडबडीत असतो, दाणेदार, वाळल्या कारल्यासारखा. तपकिरी रंगात, धुरकटलेल्या खऱ्या शिंगात त्या दाण्यांमध्ये काही वेगळं ओळखू येत नाही. पण पांढऱ्या प्लास्टरला रंग नसतो. त्यात फक्त उंच आणि खोल एवढंच उरतं. खिडकीतून तिरपा उजेड येत होता. डाव्या शिंगावर, भुवईच्या फाट्याच्या जरा मागे, एक दाणा बाकीच्यांपेक्षा मोठा होता. त्याचा माथा दाण्यासारखा गोल नव्हता, तुटल्यासारखा सपाट होता. आणि त्या सपाट माथ्याच्या कडेला एक बारीक खोबण होती. अर्धीच. गुळगुळीत. रोजच्या रोज एखादी तार त्याच जागी घासत राहावी तशी. खोबणीचा दुसरा अर्धा भाग तुटून गेलेल्या तुकड्याबरोबर गेला होता.

मी मातीचा फाटा परत गोळा करून डब्यात टाकला.

सरांना दाखवलं. ते चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले आणि फक्त "हं" म्हणाले. सरांच्या "हं"मध्ये पुष्कळ काही असतं. पण तार कसली, हे त्यांनाही सांगता येईना. मी सुनंदाताईंना फोन करून विचारलं, त्या शिंगांना कधी काही अडकवत होते का. "माझं लग्न होऊन आल्यापासून तर नाय," त्या म्हणाल्या. "लई उंच होती ना ती." त्यांनी आठव्या फाट्याबद्दल विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. फोनवर ते सांगता येण्यासारखं नव्हतं.

फायबरचं शिंग रंगवून तयार झालं तोवर खरी शिंगं वनखात्याच्या गाडीतून गेली होती. मी पोहोचले तेव्हा नाना ओसरीवर त्याच जागी बसले होते, पण हात मांडीवर होता. सुनंदाताई म्हणाल्या, गाडी गेल्यापासून ते फारसे बोललेले नाहीत. पारावरही जात नाहीत.

मी शिंग त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते जोखल्यासारखं उचलून बघितलं. "हलकं हाय," ते म्हणाले.

"फायबर आहे, नाना."

त्यांनी मोजायला सुरुवात केली. उजवीकडचे चार. मग डावीकडे. पाच, सहा, सात. बोट हवेत फिरत राहिलं आणि खाली आलं. सुनंदाताई माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

परक्या माणसाचा हात हातात घेणं माझ्या स्वभावात नाही. मी नानांचा हात धरला, त्यांचा अंगठा भुवईच्या फाट्याच्या मागे नेला आणि त्या सपाट तुकड्यावर टेकवला. "इथे एक होता," मी म्हटलं. "तुटलाय. त्याच्यावर रोज काहीतरी अडकवत होते. बारीक तारेचं."

नानांचा अंगठा खोबणीत मागेपुढे फिरला. खोबण त्याच्यासाठीच केल्यासारखी होती.  आत कुकरची शिट्टी झाली तरी सुनंदाताई उठल्या नाहीत.

"कंदील," नाना म्हणाले.

अंगठा खोबणीतच होता.

"आईचा कंदील. शिंगं तवा खालीच होती, चुलीपाशी. दारावर मागून गेली." ते सावकाश बोलत होते, एकेक शब्द तपासून घेतल्यासारखे. "साह्यबानं धरला नाय म्हणून आई त्याच फाट्याला कंदील अडकवायची. रोज दिवेलागणीला. म्हणायची, ज्यानं उजेड धरला त्याला फाटा नाय म्हणतो का मेला. मी खाली पाटी घेऊन बसायचो."

"मग तुटला कसा, नाना?" सुनंदाताईंनी विचारलं.

"तार कापीत गेली आसंल. एक दिवस कंदील आला माझ्या पाटीवर. काच फुटली, राकेल सांडलं. बापाला वाटलं मी वढला. आईनं मला बोल लावू दिला नाय. शिंगालाच शिव्या घातल्या." ते हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं. "मग बापानं उचलून दारावर लावली. म्हणला, वर ऱ्हाऊ दे, तिथनं आठच दिसत्यात."

सुनंदाताईंनी पदर तोंडाला लावला. "एवढी वर्षं सांगितलं नाय कधी," त्या म्हणाल्या.

"याद नव्हतं," नाना म्हणाले. मग सुनंदाताईंकडे तोंड करून म्हणाले, "डोक्यात नव्हतं, सुनंदे. शिंगात व्हतं."

निघायच्या आधी त्यांनी मला पुन्हा मोजायला लावलं, मोठ्याने, मराठीत. मी मोजलं. त्या ओसरीवर एवढ्या मोठ्या आवाजात मी तोवर बोलले नव्हते. आठव्याला मी थांबले, तर ते म्हणाले, "म्हण की, लाजती कशाला," आणि मी म्हटलं.

हे काम करताना एक खंत मला नेहमी वाटते. किती सांबरांची शिंगं माझ्या हाताखालून गेली, पण जंगलात मोकळं सांबर मी अजून एकदाही बघितलेलं नाही. ज्या जनावराचा कंदिलाशी, अंगठीशी, साहेबांच्या पेराशी काही संबंध नव्हता, त्याच्या डोक्यावर आपण सगळ्यांनी आपापलं काहीतरी अडकवून ठेवलं. त्याला विचारलं असतं तर त्याने कितीही फाट्यांवर पाणी सोडलं असतं आणि डोंगरात निघून गेलं असतं. देवगावहून परत येताना बसच्या खिडकीतून डोंगर दिसत होते तेव्हा मी याचाच विचार करत होते.

मधून मधून सुनंदाताईंचा फोन येतो. शिंग आता दारावर नाही, नानांच्या खाटेशेजारी हाताला येईल असं लावलंय. डॉक्टर म्हणाले होते तसंच होत चाललंय. मुलाला ते कधी कधी भाऊ समजतात. माझं नाव तर विसरलेच. इंग्रजीत मोजणारी पोरगी कुठंय, असं विचारतात म्हणे, आणि तेही फार क्वचित.

पण घरी कुणी आलं की त्याला खाटेपाशी बसवून घेतात आणि फाटे मोजून दाखवतात. सात झाले की थांबतात. समोरच्याला वाटतं, संपलं. मग अंगठा मागे जातो, खोबण सापडते, आणि ते आठ म्हणतात. सुनंदाताई सांगतात, तेवढं अजून एकदाही चुकलेलं नाही.